सैल राहिलेला प्लग

डिझेल ट्रकची सर्व्हिसिंग उरकून डीलरच्या वर्कशॉपमधून आपण निघावे आणि वीस किलोमीटरवर रस्त्यात ऑईलची धार दिसावी! चेंबरचा ड्रेन प्लग आवळलेलाच नाही. बिलात मात्र नवे ऑईल, नवा फिल्टर, सारे नोंदलेले. इंजिन जाम झाले असते तर कर्जाचा हप्ता कोठून भरावयाचा? असा संताप पापच आहे, असे मला वाटत नाही. पण बहुधा तो आपण समोरच्या पोरसवदा हेल्परवर ओततो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभू अपराधी बंधूकडे प्रथम एकट्याने जावयास सांगतो; त्याने न ऐकल्यास एकदोन साक्षीदार, आणि मंडळी त्यानंतर. हा उपदेश मंडळीतील बंधूंविषयी आहे खरा. तथापि वर्कशॉपच्या दारात तो विसरावा काय? जॉब कार्ड व बिल घेऊन व्यवस्थापकास एकांतात भेटा. गळती त्याच्या डोळ्यांना दाखवा. त्याने टाळाटाळ केल्यास लेखी तक्रार द्या. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रक चालविणाऱ्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दादही मागता येते. ती मागण्यात प्रीतीचा भंग नाही.

आणि त्या हेल्परचे नाव विचारून घ्या. तक्रारीत लिहिण्यासाठी नव्हे, रात्रीच्या प्रार्थनेत घेण्यासाठी.