रानडुकराचा हक

शिकारीची रायफल स्वतःच्या पसंतीने घडवून घेणारे लोक सर्वप्रथम तिची ॲक्शन ठरवतात. नळी बदलता येते, लाकडी दस्ता नवा बसवता येतो. पण काडतूस आत घेणारी, त्याला मागून घट्ट बंद करणारी आणि रिकामे टरफल बाहेर फेकणारी यंत्रणा एकदा निवडली की रायफलचा स्वभाव ठरून जातो. अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आणि डोंबिवलीच्या एमआयडीसीत लेथवर हात बसलेल्या कामगारांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न वेगळाच आहे. ही निवड केवळ आवडीची आणि ऐपतीची बाब आहे, की तिच्यात हक आणि नाहकचाही काही संबंध येतो?

आधी यंत्राचे पाहू. १८९८ च्या जर्मन माउझरमध्ये बोल्टवरची रुंद पोलादी नखी काडतूस मॅगझीनमधून निघतानाच त्याची कड धरते आणि टरफल बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. घाईत हात चुकला तरी काडतूस सहसा अडकत नाही. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी याच घराण्यातली. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतुसाला नुसते पुढे ढकलतो आणि ते नळीत बसल्यावर पकडतो. ही रचना बनवायला सोपी आणि नेमाला उत्तम. आपल्याकडे परिचित असलेल्या ली-एनफिल्डचा बोल्ट झटपट चालतो, मात्र त्याला अडवणारे खुंट मागच्या बाजूला असल्याने फार दाबाच्या काडतुसांसाठी माउझर बरी मानतात. इशापूरच्या कारखान्यात नागरिकांसाठी बनलेली .३१५ रायफल याच ली-एनफिल्डच्या ढाच्यावरची आहे.

या साऱ्या बारकाव्यांचा अर्थ दुसऱ्या गोळीपाशी उमगतो. पहिली गोळी चुकीच्या जागी लागली आणि दुसरे काडतूस अडकले, तर जखमी जनावर झाडीत शिरते आणि दिवसेंदिवस कुजत मरते. म्हणजे ॲक्शनचा दोष शिकाऱ्याला नव्हे, जनावराला भोगावा लागतो.

आपल्या शरीयतीने या प्रश्नाचा विचार बंदुकीच्या कितीतरी आधी केला आहे. शिकारीला परवानगी आहे, पण अल्लाहचे नाव घेण्याची अट आहे आणि एहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना आहे. गोळीने मेलेले जनावर हलाल की नाही, यावर फकिहांत मतभेद झाले. गोळीला धार नसते, ती आघाताने मारते, म्हणून जनावर जिवंत हाती लागून जबह झाले तरच हलाल, असे भारतातल्या अनेक हनफी उलेमांचे मत. इतर काहींनी गोळीची शिकार जायज मानली. सुरी धारदार करा, जनावराला त्रास देऊ नका, ही हुजूर पैगंबरांची (स.) शिकवण मात्र सर्वांना मान्य आहे. ॲक्शनची निवड ही त्या धारेचीच आजची आवृत्ती होय.

पण ठाणे जिल्ह्यात शिकार करणार कोण आणि कशाची? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार जवळजवळ संपवली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हाही गुन्हा आहे. उरतो तो मुरबाड-शहापूरकडचा शेतकरी, ज्याचे भाताचे खाचर रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकतात. वनखात्याच्या परवानगीने त्याला डुक्कर मारता येते.

इथे आपली खरी परीक्षा आहे. डुक्कर हराम, नजिस. ते खायचे नाही, जबह करायचे नाही. मग ते कसे मेले याची फिकीर कशाला, असे कुणी सहज म्हणेल. हे म्हणणे मला मान्य नाही. हराम हा आपल्या ताटाचा हुकूम आहे. त्या जिवाच्या वेदनेवर त्याने पडदा पडत नाही. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याची लाळ नापाक मानणाऱ्या शाफई घरांतही ती तितक्याच श्रद्धेने सांगितली जाते. जनावर नापाक असले तरी त्याची तहान नापाक ठरली नाही. मग डुकराची जखम तरी का ठरावी?

यात गरिबीचाही वाटा आहे. माउझरच्या बनावटीची चांगली रायफल पैसेवाल्याला परवडते. कोकणातल्या लहान शेतकऱ्याच्या हाती आली तर ठासणीची बंदूक येते, आणि ती पुन्हा भरेपर्यंत जखमी जनावर दूर गेलेले असते. त्याला निर्दय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या हाती वाईट हत्यार आणि उकरलेले शेत सोडून आपण शहरात भुतदयेच्या गप्पा मारतो, याचा हिशेबही मांडायला हवा.

तरीही उत्तम ॲक्शन मारण्याचा हक देत नाही. ती फक्त दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते: मारायचे तर कसे? पहिला प्रश्न, मारायचेच का, हा तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. कुंपण घालून पाहिले का, रात्रीची राखण गावाने वाटून घेतली का, सरकारी भरपाईचा अर्ज केला का, हे आधी विचारले पाहिजे. सगळे करूनही गोळी अटळ ठरली, तर ती परवान्याच्या, तपासलेल्या हत्यारातून, सरावलेल्या हाताने सुटावी. आणि जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढावा, मग त्याचे मांस आपल्याला हलाल असो वा नसो.