समाधान

तमिळमध्ये ‘समाधानम्’ म्हणजे समेट. दोघांचं भांडण मिटलं, दोन देशांत तह झाला, की हा शब्द येतो. मराठीतलं समाधान वेगळं, ते एकट्यालाही होतं. पोटभर जेवण झालं, मनासारखं पान लिहून झालं, की आपण समाधान झालं म्हणतो. तमिळमधून मराठीत अनुवाद करताना या शब्दापाशी मी नेहमी सावध असते. घरात मात्र त्याने मला गाठलंच.

पश्चिम तांबरमला राहून मला चौदा वर्षं झाली. पहाटे पाच ते साडेसात हा माझा वेळ. बीचकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत असतो. या मार्गावर १९३१पासून विजेची गाडी धावते आणि लोक तिला अजून ‘इलेक्ट्रिक ट्रेन’च म्हणतात. खोलीचं दार बंद, टेबलावर अनुवाद. पुढचा सगळा दिवस नोकरीचा आणि घराचा. या वाटणीला मी समतोल म्हणत होते, मैत्रिणींनाही तोच सल्ला देत होते. वडील गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, आई मिरजेहून इथे राहायला आली. तिच्यासाठी खोली लावली, टीव्हीवर मराठी वाहिन्या घेतल्या. पहाटेचं दार बंदच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत टँकरच्या पाण्यावरून दोन शेजारणींची जुंपली. आठवडाभर अबोला. मग एके सकाळी कामाला येणाऱ्या अक्कांनी सांगितलं की दोघींचं समाधानम् झालं. मिरजेकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे आईचं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जमलेलं. वाक्यातला तेवढा एकच शब्द तिला कळला.

“एवढं भांडून समाधान झालं म्हणते?” आई हसली. मी अर्थ सांगितला. तशी ती म्हणाली, “मग आपलं कधी व्हायचं?”

“आपलं कुठे भांडण आहे?”

“भांडण नाही गं. पण मी साडेचारला उठते. तुला खुडबुड नको म्हणून चहा टाकत नाही, दिवा लावत नाही. तुझं दार उघडेपर्यंत बसून असते.”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. माझे अडीच तास तिच्या तीन तासांच्या अंधारावर चालले होते, आणि मी त्यांना माझी कमाई समजत होते.

समतोल म्हटलं की आपल्याला गीतेतला स्थितप्रज्ञ आठवतो, सुखदुःखात न हलणारा. हल्लीची पुस्तकं त्याचीच सोपी आवृत्ती देतात: स्वतःसाठी वेळ काढा, नाही म्हणायला शिका. तिरुक्कुरळमध्ये मला वेगळं चित्र भेटलं. १३३ अध्यायांचा हा ग्रंथ साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी तो मराठीत आणला. त्याचा बारावा अध्याय ‘नडुवु निलैमै’, म्हणजे मध्यावर उभं राहणं, या गुणावर आहे. तिथे वळ्ळुवरांनी तराजूची उपमा दिली आहे. अध्याय न्यायबुद्धीचा आहे, आपल्या आणि परक्या माणसाशी सारखं वागण्याचा. मनःशांतीचा नाही. तरी तो तराजू माझ्या डोक्यातून जाईना. तराजूला पारडी दोन असतात. माझा वेळ आणि माझी कामं मी एकाच पारड्यात टाकून समतोल मोजत होते. दुसऱ्यात कोण बसलंय ते पाहिलंच नव्हतं.

मग दार बंद करणं चूक का? मला तसं वाटत नाही. दुसऱ्यांसाठी सगळं सोडून देण्यात सुख असतं, असं बायकांना पुष्कळ शिकवून झालंय. त्याच शिकवणीपायी आई अंधारात बसत होती. मी अडीच तास सोडून दिले असते तर एक पारडं वर जाऊन दुसरं खाली आलं असतं, एवढंच. चूक न विचारता दार लावण्यात होती. आपल्या सुखाची किंमत दुसरं कुणी भरत असेल, तर तो हिशेब त्या माणसासमोर मांडायला हवा. त्याने राजीखुशीने दिलं तर ते देणं. एरवी आपण ते नुसतं उचललेलं असतं.

आम्ही बोललो. आता साडेचारला स्वयंपाकघरात दिवा लागतो, चहा होतो. पाचला आई माझा कप घेऊन येते, दहा मिनिटं बसते, मिरजेची एखादी गोष्ट सांगते आणि जाताना स्वतःच दार ओढून घेते. रोज जमतं असं नाही. काम अडलं असलं की मी अर्धवट ऐकते. तिला ते कळतं, आणि दुपारपर्यंत ती घुश्श्यात असते. संध्याकाळी पुन्हा समेट करावा लागतो. पानंही पूर्वीपेक्षा कमी होतात. ते नुकसान आता मी धरून चालते.