अधांतरी फळी

अधांतरी राहण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. वरून देवांनी ढकललं, खालून विश्वामित्रांनी थोपवलं आणि राजेसाहेब मध्येच लटकले. आजही आपण नाव घेतो ते त्रिशंकूचं. त्याला तिथं धरून ठेवण्यात विश्वामित्रांची किती वर्षांची तपश्चर्या खर्ची पडली, ती रक्कम कोणत्या खात्याला नावे टाकली, हे कोणी विचारत नाही.

आंध्र प्रदेशात लेपाक्षीला सोळाव्या शतकातलं वीरभद्राचं मंदिर आहे. तिथल्या एका खांबाचा तळ जमिनीला पुरता टेकलेला नाही. लांबलांबून लोक जातात आणि त्याच्या खालून रुमाल, उपरणं, पदर, जे हाताशी असेल ते सरकवून बघतात. बाकीचे सगळे खांब शतकानुशतकं निमूटपणे छत उचलून उभे आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून कोणी फोटोसुद्धा काढत नाही. कारण ते काम करतात!

हे सगळं चिंतन एका फळीवरून सुरू झालं. साध्या फळीवरून माणूस चिंतनाकडे वळत नाही. ही नव्या फॅशनची अधांतरी फळी होती. खाली टेकू नाही, बाजूला कान नाहीत, खिळा दिसत नाही. भिंतीतून सरळ बाहेर आलेली आठ फूट लांब फळी. आमच्या सौभाग्यवतींनी ती वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये पाहिली आणि त्या दिवसापासून आमच्या हॉलची भिंत त्यांना विधवेच्या कपाळासारखी... असो. ही उपमा त्यांची आहे, मी तिच्याशी सहमत नाही. भिंत मला भिंतीसारखीच दिसत होती.

आपल्या जुन्या घरांत वस्तू ठेवायच्या जागा कशा सरळ स्वभावाच्या होत्या बघा. कोनाडा म्हणजे भिंतीनं स्वतःच्या पोटात करून दिलेली जागा. फडताळ तसंच, फक्त त्याला दारं. मांडणी आपल्या चार पायांवर उभी. खुंटी तर सरळ सांगायची की मी एवढी आहे, एक सदरा आणि एक टोपी यापलीकडे माझी ऐपत नाही. प्रत्येकाचा आधार समोर दिसायचा. अधांतरी फळी ही पहिलीच अशी निघाली, जिची सगळी शोभा आधार न दिसण्यात आहे.

फळी म्हटली की लाकूड आलं, आणि नागपूरकराला लाकडाबद्दल बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे. इथं लकडगंज नावाची अख्खी वस्ती आहे. महाराष्ट्राचं वन विकास महामंडळ १९७४ साली निघालं, त्याचं मुख्यालय आमच्याच गावात. सागवानाच्या व्यापारात ‘सी. पी. टीक’ हे जे नाव चालत आलं, त्यातलं सी. पी. म्हणजे आमचं जुनं मध्य प्रांत. दिल्लीत २०२३ साली नवं संसद भवन उघडलं, तेव्हा तिथं सागवान लागलं ते नागपूरचं, असं सरकारनंच सांगितलं. आम्ही कॉलर ताठ केली. आता खरं सांगायचं तर नागपूर शहरात सागाची जंगलं नाहीत, सागाच्या वखारी आहेत. साग उन्हापावसात उभा राहतो तो तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीत, बल्लारशा-आलापल्लीकडे. पन्नास-साठ वर्षं उभं राहायचं त्यांनी, पत्ता आमचा!

लकडगंजात मला जे ज्ञान मिळालं ते वाचकांच्या सोयीसाठी थोडक्यात सांगतो. आठ फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड अशी फळी म्हणजे पाऊण घनफुटाच्या थोडं वर सागवान. वजन साधारण पंधरा किलो. त्यात पक्का गाभा तपकिरी, आणि कडेचं पांढरं ते कच्चं. वाळवी गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, पांढऱ्यावर मात्र पंगत मांडते. भुश्याचे दाबलेले तक्ते स्वस्त, दिसायला गुळगुळीत. पण नागपुरात त्यांची परीक्षा कूलर घेतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री कोरडी आग आणि घरात कूलरचा ओला वारा. हा जाच तीन महिने सोसला की असा तक्ता कडेनं फुगतो आणि मधे वाकतो. सागवानही थोडं हलतं, पण रुंदीत. लांबीत लाकूड जवळजवळ बदलत नाही. हा गुण माणसाच्या उलटा. आमचीही वाढ रुंदीतच होते, पण परत आत येत नाही.

एवढं शिकून मी मिस्त्रीला बोलावलं. लाकडावर माझी दहा मिनिटं भाषणाची तयारी होती. त्यानं लाकडाकडे पाहिलंच नाही. बोटाच्या पेरानं भिंत ठक्‌ठक्‌ वाजवली आणि विचारलं, ‘‘साहेब, भिंत काहाची आहे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नऊ इंची आहे, का साडेचारची? विटेची आहे का ठोकळ्याची? फळी कोणतीबी लावा. पकडून तर भिंत राहिली नं.’’

त्याच वेळी आतून आमच्या आत्याचा आवाज आला, ‘‘अरे, पण तिच्यावर ठेवणार काय?’’

या दोन प्रश्नांपुढे माझं सागवानपुराण खल्लास झालं. ‘ठेवणार काय’ याचं उत्तर सौभाग्यवतींनी दिलं, ‘‘काही नाही. मोकळीच छान दिसते. फार तर एक कुंडी आणि एक मेणबत्ती.’’ मेणबत्ती पेटवायची नव्हती. मी पुस्तकांचा आग्रह धरला. मध्यम आकाराची पुस्तकं उभी लावली तर फुटाला आठेक किलो भरतात. आठ फुटांना चौसष्ट, अधिक फळीचे पंधरा. म्हणजे ऐंशी किलो. एक धष्टपुष्ट साडू भिंतीवर आडवा टांगल्यासारखं!

आता कॉमर्स ग्रॅज्युएटला पदार्थविज्ञान कळत नाही असा समज आहे. पण आकडे दिले की आम्हाला काहीही कळतं. मिस्त्रीनं सांगितलेलं मी कागदावर मांडलं. फुटाला ओझं तेवढंच ठेवून दोन आधारांतलं अंतर दुप्पट केलं, तर फळीचा झोळ दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांशावर येतो. हे झालं फळीचं. भिंतीचं गणित याहून विलक्षण. दहा इंच रुंद फळीचं ओझं भिंतीपासून सरासरी पाच इंचांवर असतं. खाली त्रिकोणी ब्रॅकेट उघड लावलं आणि त्याचा उभा पाय आठ इंचांचा असला, तर ऐंशी किलोंच्या ओझ्यानं वरच्या स्क्रूंवर ओढ येते मिळून पन्नास किलोंची. पण तोच आधार दीड इंची फळीच्या पोटात लपवला की तरफ आखूड होते आणि ओढ जाते अडीचशे किलोंच्या पुढे.

मी दोनदा बेरीज तपासली. ओझं तेच. फळी तीच. पुस्तकं तीच. आधार दिसू नये, एवढ्या एका हौसेसाठी त्या आधारानं पाचपट ओढ सोसायची! म्हणजे लपवण्याची किंमत असते, आणि ती लपवणारा भरत नाही, लपलेला भरतो.

बँकेत नोकरी करणाऱ्याला हे वाचून जामीनदार आठवल्याशिवाय राहणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम म्हणतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. इतकीच! अर्धी नाही, पाव नाही. माझ्या साडूनं एका पतसंस्थेतून कर्ज काढून गाडी घेतली, त्याला मी जामीन आहे. गाडीच्या मागच्या काचेवर ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ असं लिहिलेलं आहे. आशीर्वाद असेलच, मी नाही म्हणत नाही. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत ‘जामीनदाराची कृपा’ असं लिहिलेलं एकही वाहन माझ्या पाहण्यात नाही. गाडी रस्त्यावर अधांतरी धावते, आणि हप्ता चुकला की फोन मला येतो.

हे सगळं मी घरी मांडलं तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, ‘‘मग बिल्डिंगचा पायासुद्धा उकरून दाखवायचा का लोकांना?’’

प्रश्न बिनतोड होता. दोन दिवस मी काउंटरवर बसून त्यावर विचार केला. (ग्राहकांची कामंही केली.) पाया लपलेला असतो, झाडाची मुळंही लपलेली असतात, यात काय खोटं आहे? तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलं. पाया लपल्यामुळे त्याचं ओझं वाढत नाही. तो जमिनीखाली असतो कारण त्याचं काम तिथंच आहे. फळीचा आधार मात्र लपवल्यामुळेच जास्त ओढला जातो. तेव्हा आधार दिसतो की नाही हा प्रश्न नाहीच. न दिसण्यापायी त्याला जादा काय सोसावं लागतं, हा आहे.

आणि मग माझी नजर आतल्या खोलीकडे गेली.

आमची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी अकरावीत असताना बाबांची गिरणी बंद पडली. त्यानंतर माझं बी.कॉम. झालं ते आत्याच्या शिवणाच्या मशीनवर आणि तिच्या दहा-बारा डब्यांवर. माझ्या पदवीवर कुलगुरूंची सही आहे. त्यांनी माझ्यासाठी नक्की काय केलं ते मला ठाऊक नाही, पण सही त्यांची आहे. आत्याला याचं काही वाटत नाही. ‘‘मला कशाला मेलं पुढे करता?’’ हे तिचं ठरलेलं वाक्य. पाहुणे आले की ती आपणहून आत जाते. मला वाटायचं, हा पायाचा प्रकार. तिची जागाच तशी, तिची आवडही तशी.

पण आमच्या घरात कूलर हॉलमध्ये आहे. मे महिन्यात दुपारी पाहुणे येतात, पन्हं पितात, नागपूरच्या उन्हाला नावं ठेवतात. आणि आत्या आतल्या खोलीत पदरानं वारा घेत बसते. तिला विचारलं तर म्हणते, ‘‘मला आत बरं.’’ ब्रॅकेटला विचारलं असतं तर त्यानंही हेच सांगितलं असतं. सोसणाऱ्याची संमती हा पुरावा धरायचा का? कायद्यात जामीनदार स्वखुशीनं सही करतो, म्हणून त्याच्यावरचा बोजा हलका होत नाही. उलट त्याच कायद्याचं १४५ वं कलम म्हणतं की, जामीनदारानं रीतसर जे भरलं त्याची भरपाई करण्याचं वचन कर्जदारानं न बोलताच दिलेलं असतं. न बोलताच! दीडशे वर्षांपूर्वीच्या रुक्ष कायद्यात इतकं कोमल वाक्य कोणी लिहिलं असेल, याचं मला नवल वाटतं.

आमच्या ताळेबंदात यावर एक जुनी तोड आहे. बँकेनं दुसऱ्यांसाठी दिलेल्या हमीच्या रकमा बेरजेत धरत नाहीत. पण त्या गाळताही येत नाहीत. बेरजेच्या खाली ‘संभाव्य देणी’ म्हणून वेगळ्या दाखवाव्या लागतात. वाचणारे फार थोडे, पण लिहावं लागतं. मला वाटतं, घरालाही एवढा नियम पुरे. प्रत्येक आधाराची मिरवणूक काढायला नको, त्यांनाच ती नको असते. पण आपल्या बेरजेखाली त्यांची ओळ हवी, आणि आपल्या शोभेपायी त्यांच्यावर जादा ओढ येत नाही ना, हे अधूनमधून तपासायला हवं. मिस्त्री भिंत वाजवतो तसं.

अखेर आमच्याकडे आठ फुटांची एक नव्हे, चार-चार फुटांच्या दोन फळ्या लागल्या. रुंदी आठ इंच. मराठी पुस्तकाला तेवढी पुरते, दिवाळी अंक आडवे झोपतात. जाडी सव्वा इंच, लाकूड बल्लारशाचं, गाभ्याचं. खाली काळे लोखंडी ब्रॅकेट, उघडे, ठसठशीत. आणि फळीखाली, कूलरच्या समोर, एक वेताची खुर्ची. ती आत्याची. पहिले दोन दिवस ती अवघडून बसली, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन बसली.

परवा वर्धा रोडवाल्या वहिनी येऊन गेल्या. फळीकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. ‘‘अय्या, ब्रॅकेट किती छान आहेत! कुठून आणले हो?’’ एवढंच त्यांनी विचारलं. सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ते ब्रॅकेट त्यांनीच शोधून काढले. मी काही बोललो नाही. संभाव्य देणं म्हणून नोंद करून ठेवली.

‘‘अरे, तो कूलर जरा हळू कर,’’ आत्या खुर्चीतून म्हणाली, ‘‘कान बसले माझे.’’