अन्नदाता कोण?

आमच्या घरात दसऱ्याला नवं खातात. हळव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान आणि झेंडू बांधून दाराला लावायचं, नव्या तांदळाची खीर करायची, देवाला नैवेद्य दाखवायचा, गाईचा घास काढायचा. मग पानावर बसून सगळ्यांनी हात जोडून समर्थांचा श्लोक. जेवण उरकलं की म्हातारी माणसं म्हणायची, "अन्नदाता सुखी भव."

नातीनं विचारलं, "आबा, अन्नदाता म्हणजे तुम्हीच ना?" शहरातले पाव्हणेही असंच म्हणतात. ऐकायला गोड लागतं, पण हिशेब जुळत नाही.

बियाणं कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या माणसांनी घडवलेलं. आवणी वाडीवरच्या कातकरी बायांनी केलेली, आषाढाच्या पावसात दिवसभर कंबरेत वाकून. दिवाळी झाली की त्यांच्यातली कितीतरी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात, पोरांची शाळा तिथंच तुटते. उन्हाळी भाताचं पाणी राजनाल्याचं, म्हणजे भिवपुरीच्या टाटाच्या वीजघरातून सुटलेलं. ते वीजघर 1922 सालचं. त्यासाठी घाटावर आंदर मावळात ठोकळवाडीचं धरण झालं आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्यांच्या बुडीतावर आमचं पिकतं. श्लोकात त्यांचं नाव कोण घेतो?

प्रार्थना नको असं मी म्हणत नाही. हात जोडले की जीभ घटकाभर थांबते, एवढंही पुष्कळ. पण देवाचे आभार स्वस्त पडतात, कारण देव मजुरी विचारत नाही. तसं आपल्या घरांत आभार मानायची रीतच नाही. आभार सभेत शेवटी मानतात, तेव्हा माणसं चपला शोधत असतात. आपल्याकडे उपकार असतात, आणि ते फेडायचे असतात.

धाकटा भाऊ म्हणतो, "रोजच्या रोज मजुरी चुकती केली, आता कसले उपकार?" मी म्हणतो, बियाण्याचे, खताचे पैसेही चुकतेच केलेत, मग देवापुढं तरी हात कशाला जोडतोस? पैशानं फिटत नाही असं काहीतरी उरतं, म्हणूनच ना?

आता नव्याच्या दिवशी आवणीच्या प्रत्येक बाईकडं पायलीभर तांदूळ जातो. भट्टीवर जायच्या आत गेला पाहिजे. माझं म्हणणं, नैवेद्याच्या आधी जावा. घरची म्हणते, "देवाच्या आधी? असं कुठं असतं?" यंदाही यावरून आमची जुंपली, आणि खीर गार झाली.