ताशी किती अंश?

पिंपळनेरची थंडी वर्तमानपत्रात एकाच आकड्यानं येते: किमान तापमान अमुक. पारा तिथवर कोणत्या चालीनं उतरला, हे कोणी छापत नाही. खरं तर ते काढायला वजाबाकी आणि भागाकार पुरतात.

समजा, पौषातल्या निरभ्र दिवशी संध्याकाळी 6 वाजता 26 अंश आहेत आणि पहाटे 6 वाजता 9. बारा तासांत 17 अंश, म्हणजे ताशी सुमारे 1.4. हिशेब बरोबर आहे, पण त्या रात्री असा तास बहुधा एखादाच असतो. रात्री 9 वाजता पाहिलं तर 18.5, पहिल्या तीन तासांत ताशी 2.5 अंश घसरण. त्याच चालीनं रेघ पुढं ओढली तर पहाटे उणे 4 यायला हवेत आणि पांझराकाठी बर्फ दिसायला हवा! तसं होत नाही. जमीन तापलेली असते तेव्हा उष्णता भराभर आकाशाकडे फेकते. जसजशी गार होते तसतसा तिचा हात आखडतो. पुढं दव धरू लागलं की वाफेचं पाणी होताना थोडी ऊब परत मिळते. आभाळ आलं तर सगळंच गणित मंदावतं.

म्हणून ताशी दर सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणत्या तासाचा? 22 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेतल्या स्पिअरफिश गावात डोंगरावरून उतरलेल्या गरम वाऱ्यानं पारा दोन मिनिटांत उणे 20 वरून 7 अंशांवर नेला. ताशी दर काढा: 810 अंश. भागाकारात चूक नाही, तरी आकडा हास्यास्पद आहे, कारण तो वारा तासभर तसा चढत राहणारच नव्हता.

आता राज्यात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, त्यामुळे अधल्यामधल्या नोंदी मिळण्याची सोय झाली आहे. रावेर-यावलच्या केळीवाल्यानं रात्री 9 चा उतार पाहून धास्तावू नये. त्यानं मध्यरात्रीनंतरचे दोन-तीन तास पाहावेत. तिथली घसरण अजून ताशी एक अंशाच्या वर असेल तर विहिरीचं कोमट पाणी बागेत सोडावं, कडेला धूर करावा. अर्थात, त्या वेळी मोटारीला वीज असली तर.