काठावरचं फुलपाखरू

खिडकी थोडी उघडी आहे.

तिथून एक निळं फुलपाखरू आत येतं.

घाई नाही. त्याला येऊ द्या.

हे एका शाळेतलं स्वच्छतागृह आहे. कोपऱ्यात एक बादली ठेवलेली आहे. फुलपाखरू भिरभिरत जातं आणि तिच्या काठावर टेकतं. पंख मिटतं. उघडतं.

पाहा.

एक मुलगीही ते पाहते आहे. अठरा वर्षांची. तिचं नाव मॅक्स. तिच्या हातात जुन्या पद्धतीचा कॅमेरा आहे, ज्यातून फोटो लगेच कागदावर उमटून बाहेर येतो. ती हलक्या पावलांनी खाली वाकते. श्वास धरते.

आपणही धरू या. एक क्षण.

आता सोडू या.

फोटो निघाला.

*

हा 'लाइफ इज स्ट्रेंज' नावाचा व्हिडिओ गेम आहे. पॅरिसच्या डोंटनॉड या स्टुडिओनं तो केला आणि २०१५ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत पाच भागांत आणला. गोष्ट अमेरिकेतल्या ऑरेगनच्या किनाऱ्यावर घडते, आर्केडिया बे या कल्पित गावात. २०१३ चा ऑक्टोबर आहे. फक्त पाच दिवस.

ज्यांनी तो खेळलेला नाही, त्यांनी इथं थांबायचं की नाही ते ठरवावं. पुढे शेवट येणार आहे.

थांबायचं नसेल, तर बसा.

*

मॅक्सही बसते. गेममध्ये तिला ठिकठिकाणी बसता येतं. बाकावर. पलंगावर.

ती बसली की आपण काहीच करायचं नसतं. नजर सावकाश एका दृश्यावरून दुसऱ्यावर सरकते. गिटार वाजत राहते. या गेमचं संगीत जोनाथन मोरालीचं आहे. भिंतींवर, झाडांवर उतरत्या उन्हाचा पिवळा रंग आहे, आणि तो हातानं रंगवल्यासारखा दिसतो, कारण इथले पृष्ठभाग खरोखरच हातानं रंगवलेले आहेत.

आपण 'ऊठ' म्हणेपर्यंत ती उठत नाही.

कुणी म्हणतं, इथं काही घडतच नाही.

कुणी म्हणतं, मला एवढंच आठवतं.

दोन्ही आवाज ऐका. कुणालाही उत्तर देऊ नका. ऊन अजून आहे.

*

आता मॅक्स हात पुढे करते.

काळ मागे सरकतो. सांडलेलं परत भांड्यात जातं. बोललेलं ओठांत परततं. दार मिटतं, पावलं उलटी पडतात.

मॅक्स मात्र जिथं उभी आहे तिथंच राहते. भोवतालचं सगळं मागे जातं, ती जात नाही.

आणि तिला सगळं आठवत असतं.

हे थोडं जवळून पाहू या. तुमचाही एखादा शब्द असेल, सुटून गेलेला. जिन्यावर, फोनवर, दवाखान्याच्या दारात. तो मनात येऊ द्या. त्याला दुरुस्त करू नका.

फक्त, बोलण्याआधीचा तो श्वास आठवतो का ते पाहा.

*

निवड महत्त्वाची असली की पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखराची एक छोटी आकृती फडफडते. तुम्ही केलंत त्याचे परिणाम होतील, एवढंच ती सांगते. कुठले, ते सांगत नाही.

खोलीतल्या रोपाला पाणी घालायचं की नाही, ही निवड आहे. फोन घ्यायचा की नाही, ही निवड आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी इतर खेळाडूंनी काय निवडलं, त्याची टक्केवारी समोर येते. अनोळखी माणसांच्या हातांची एक रांग.

आपला हात त्यांतलाच एक.

*

दुसऱ्या भागात केट आहे, मॅक्सची वर्गमैत्रीण.

इथं आणखी हळू चालू या.

केटच्या खोलीत पडदे ओढलेले आहेत. आरसा कापडानं झाकलेला आहे. तिचं व्हायोलिन आहे. घरच्यांचे फोटो आहेत. आपण ते पाहिले, तर पाहिले. नाही पाहिले, तरी गेम रागवत नाही.

नंतर तिचा फोन येतो. आपण मैत्रिणीबरोबर असतो. मैत्रीण म्हणते, राहू दे.

फोन वाजतो.

वाजू द्या. ऐका.

मग पाऊस. छप्पर. केट काठावर उभी आहे, आणि मॅक्सची शक्ती संपलेली आहे. काळ मागे जात नाही. एकदा म्हटलेलं एकदाच म्हटलं जातं, आपल्या सगळ्यांचं जातं तसं.

आता फक्त एवढंच उरतं, की आपण तिच्याकडे किती लक्ष दिलं होतं. तिला घरात कोण प्रिय आहे. ती कशानं थकली आहे.

जे पाहिलं होतं, तेच आता शब्द होऊन तोंडी येतं. केट माघारी वळू शकते. नाहीही वळू शकत.

मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा तिच्या खोलीतले फोटो नीट पाहिले नव्हते. हात गार पडला होता. अंदाजानं बोलत होते, आणि आपण अंदाजानं बोलतो आहोत हे मला कळत होतं.

या गेमबद्दल कुणी काहीही म्हणो, इथं मला तो खरा वाटतो. अगदी खरा.

श्वास घ्या. पाऊस ऐका.

*

मैत्रिणीचं नाव क्लोई. निळ्या केसांची. रागीट, हळवी.

तिलाच मॅक्सनं त्या पहिल्या दिवशी वाचवलं होतं. फुलपाखराचा फोटो काढून झाला, मग स्वच्छतागृहात एक मुलगा आला, पाठोपाठ क्लोई आली, भांडण झालं, गोळी सुटली. मॅक्सनं हात पुढे केला. काळ पहिल्यांदा मागे गेला तो तेव्हा.

पाचव्या दिवशी गावावर वादळ येतं. दीपगृहाजवळच्या कड्यावर दोघी उभ्या आहेत. क्लोई जगली म्हणून वादळ आलं, असं गेम सांगतो.

क्लोईच्या हातात तो फोटो आहे. ती तो मॅक्सला देते.

त्या फोटोत शिरून मॅक्स मागे जाऊ शकते, आणि या वेळी हात पुढे न करता बसून राहू शकते. मग गाव वाचेल.

किंवा ती तो फोटो फाडू शकते.

दोन बटणं. एवढीच.

*

इथं बरेच जण रागावले. पाच भाग आम्ही निवडत आलो, म्हणाले, प्रत्येक शब्द तोलला, आणि शेवटी सगळ्या वाटा या दोन दारांपाशी. शिवाय एक शेवट सविस्तर, दुसरा आखूड. काहींना मुलांची बोली ओढूनताणून आणलेली वाटली, ओठांची हालचाल आवाजाशी जुळत नाही हेही खटकलं.

ही माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांच्या रागात प्रेम आहे, ते ऐकू येतं. ज्यावर जीव जडला नाही त्यावर कुणी असं रागावत नाही.

आणि दुसरीकडे काही जण गप्प आहेत. ते म्हणतात, आम्ही त्या कड्यावर बराच वेळ उभे होतो. बस.

या दोघांच्या मधे थोडी जागा आहे. तिथं बसता येतं.

मी तिथं बसते. कारण केटच्या खोलीतले फोटो कुठल्याही शेवटात मोजले जात नाहीत, पण मी दुसऱ्यांदा खेळले तेव्हा ते एकेक करून पाहिले. खूप वेळ. मला कुठे पोचायचं नव्हतं.

*

आता परत कड्यावर या.

वारा आहे. समुद्र काळा झाला आहे. दीपगृह पाठीशी आहे.

फोटो हातात घ्या. लहानसा, चौकोनी, पांढऱ्या किनारीचा. कडा बोटांना जाणवू द्या.

फोटोत बादली आहे. बादलीचा काठ आहे. काठावर निळं फुलपाखरू आहे.

फोटो काढला तेव्हा काहीच घडलेलं नव्हतं. गोळी नाही, वादळ नाही. केट वर्गात होती. क्लोई अजून त्या दारापर्यंत पोचली नव्हती. एक मुलगी वाकली होती, आणि तिनं श्वास धरला होता.

तिथं थोडं थांबू या.

बटण दाबायला इथं मुदत नाही. घड्याळ चालू नाही. कुणी मागून ढकलत नाही.

अंगठा बटणावर आहे. हलका.

क्लोई मॅक्सकडे पाहते आहे. मॅक्स फोटोकडे.

गेम वाट पाहतो.