गाण्याचा रहिवासी दाखला

लोकसंगीताबद्दल कुणी चार ओळी लिहायला बसलं की तिसऱ्या ओळीत ‘मातीतला आवाज’ हमखास उगवतो. गायक कोल्हापूरचा असो, कच्छचा असो की अमेरिकेतल्या टेनेसीचा, त्याच्या आवाजाला म्हणे मातीचा गंध असतो. आवाजाला गंध कसा असेल हा प्रश्न सोडून देऊ, कौतुकाच्या भाषेत एवढं चालायचंच. खटकतं ते दुसरंच. या कौतुकाच्या पोटात एक अट दडलेली असते: हे गाणं इथं जन्मलेल्यालाच जमणार, बाहेरच्यानं फार तर नक्कल करावी. अमेरिकन कंट्री संगीतात ही अट इतक्या उघडपणे घातली जाते की तिची कुणाला लाजही वाटत नाही. हँक विल्यम्सच्या नावावर एक मत सांगितलं जातं, की ज्याच्या नाकात कधी खेचराच्या शेणाचा वास गेला नाही त्यानं या गाण्याच्या वाटेला जाऊ नये. आता गंमत बघा. १९५० साली, खुद्द विल्यम्स ऐन भरात असताना, कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर २१ आठवडे ठाण मांडून बसलेलं ‘आय अ‍ॅम मूव्हिंग ऑन’ हे गाणं लिहिणारा आणि गाणारा माणूस अमेरिकेचा नागरिकसुद्धा नव्हता. हँक स्नो हा कॅनडाचा. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते १९५८ मध्ये.

स्नोची कहाणी कंट्रीच्या चाहत्यांना पाठ असते, म्हणून थोडक्यात. जन्म १९१४चा, नोव्हा स्कोशियातल्या ब्रुकलिन नावाच्या खेड्यातला. आठव्या वर्षी आईबाप वेगळे झाले, पुढे सावत्र बापाचा मार वाट्याला आला आणि बाराव्या वर्षी पोरगा मासेमारीच्या शिडाच्या जहाजांवर पोऱ्या म्हणून चढला. आईनं टपालानं हवाईयन गिटारचे धडे मागवले होते, घरात चावीचा ग्रामोफोन आला होता. त्यावर आधी व्हर्नन डलहार्ट वाजला आणि मग जिमी रॉजर्स. मिसिसिपीतल्या मेरिडियनचा हा रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता, क्षयानं पोखरलेला होता, आणि मध्येच आवाज चिरत वर नेऊन योडलिंग करायचा. आपल्या किशोरकुमारच्या योडलिंगमागेही परदेशी तबकड्याच होत्या असं सांगतात, त्यामुळे ती लकब आपल्या कानाला परकी नाही. स्नोनं रॉजर्सला कधी पाहिलं नाही. १९३३ मध्ये रॉजर्स गेला, त्याच वर्षी स्नो हॅलिफॅक्सच्या रेडिओवर गाऊ लागला. ऑक्टोबर १९३६ मध्ये माँट्रियलला त्याची पहिली दोन गाणी ध्वनिमुद्रित झाली. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं जिमी रॉजर्स स्नो.

मला इथं वारसा आणि कमाई यांत फरक करावासा वाटतो. गाणं काहींना घरातून, गावातून, सणावारांतून आपसूक मिळतं. काहींना ते कान देऊन, बोटं झिजवून मिळवावं लागतं. ‘मातीतला आवाज’ म्हणणारे पहिल्याला खरं मानतात आणि दुसऱ्याला उसनं. पण कंट्रीचा वारसा म्हणून जे दाखवलं जातं ते उलगडून बघितलं तर हाती काय लागतं? बँजोचं मूळ आफ्रिकेतलं, गुलामांबरोबर आलेलं. योडलिंग आल्प्सच्या डोंगरातलं. स्टील गिटारची ती घसरत जाणारी, हुंदक्यासारखी तान हवाई बेटांवरची. स्नो ज्या चमचमत्या खड्यांच्या सुटात मिरवायचा, आणि आज ज्याच्याशिवाय कंट्री गायकाचं चित्रच पुरं होत नाही, तो सूट बेतणारा न्यूडी कोन कीव्हमध्ये जन्मलेला ज्यू शिंपी. म्हणजे ज्या मातीची शपथ घ्यायची तिच्यात चार खंडांची भर आहे. आणि वारशाच्या आधी कमाई असते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. गदगचे कानडी भाषक भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून झपाटले, लहान वयात घरातून पळाले आणि पुढे ‘अभंगवाणी’ घेऊन मराठी घराघरांत शिरले. तुकोबा गाताना त्यांचा रहिवासी दाखला कुणी मागितला नाही. खाँसाहेब तरी कुठले मिरजेचे? कैराण्याहून आलेले.

यावर शुद्धतावाद्याचं एक उत्तर तयार असतं आणि ते वरकरणी बिनतोड वाटतं. तो म्हणतो, जन्मभूमीचं सोडा, स्नोनं सोसलं किती ते बघा. मार खाल्ला, उपाशी राहिला, वादळात सापडून मरता मरता वाचला. कंट्री हे सोसलेल्यांचं गाणं आहे, म्हणून ते त्याला पेललं. हे उत्तर मला मुळीच मान्य नाही, आणि ते सहृदय आहे म्हणून तर आणखीच नाही. त्यात जन्माच्या दाखल्याऐवजी हालअपेष्टांचा दाखला मागितलेला आहे, मागण्याची खोड तीच. शिवाय पुरावा उलटा जातो. स्नोनं खरोखर जे सोसलं ते समुद्रावर. नोव्हा स्कोशियातल्या लुननबर्गच्या गोठवणाऱ्या थंडीत दोर ओढले, मासे साफ केले. सोसलेलंच गाण्यात उतरतं तर त्याच्या गाण्यांतून कॉडच्या तेलाचा वास यायला हवा होता. त्यानं गायलं काय? काऊबॉय, कैदी आणि आगगाड्या. त्याची पहिली ओळखच ‘योडलिंग रेंजर’ होती, आवाज खाली उतरल्यावर ‘सिंगिंग रेंजर’. रेंजर तो कधीच नव्हता, रेल्वेत त्यानं कधी नोकरी केली नाही. ‘आय अ‍ॅम मूव्हिंग ऑन’ नीट ऐका. फिडल आणि स्टील मिळून गाडीचा वेग उभा करतात, आणि त्यावर स्नोचा किंचित नाकातला, कोरीव आवाज एकेक व्यंजन नाणं वाजवून घ्यावं तसं वाजवत जातो. दाक्षिणात्य गायकांचं शब्द ओढत, चघळत गाणं त्यात नाही. गिटारवरचे मुख्य तुकडेही अनेकदा तो स्वतःच वाजवी. ही गाडी त्याला रॉजर्सच्या तबकड्यांतून मिळालेली आहे. आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टीव्ह शोल्सनं हे गाणं आधी नाकारलं होतं, ही गोष्टही इथं नोंदवून ठेवावी. जाणत्यांच्या कानांचा तेवढाच भरवसा.

थोडं आडवळण घेतो, कारण ते फार मजेशीर आहे. १९६२ मध्ये स्नो पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोचला तो ‘आय हॅव बीन एव्हरीव्हेअर’ या गाण्यानं. गाणं म्हणजे गावांच्या नावांची एका दमात घेतलेली यादी. ऐकणाऱ्याला वाटतं, याहून अस्सल अमेरिकन काय असणार! मूळ गाणं जेफ मॅक या ऑस्ट्रेलियन माणसाचं, त्यातली गावं ऑस्ट्रेलियातली. तिकडची नावं काढून इकडची घातली आणि गाणं इकडचं झालं. नकाशा बदलला, चाल तीच. माती म्हणतात ती इतकी सोयीस्कर असते. याच काळातला दुसरा नमुना म्हणजे ‘कर्नल’ टॉम पार्कर, काही काळ स्नोचा भागीदार. ऑक्टोबर १९५४ मध्ये एल्विस प्रेस्ली ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर पहिल्यांदा आला तो स्नोच्या कार्यक्रमात. पुढे एल्विसच्या आईला करारासाठी राजी करण्यातही स्नोचा वाटा होता. पण फायद्याची वेळ आली तेव्हा पार्करनं एल्विसला एकट्याच्या पंखाखाली घेतलं आणि स्नो हात चोळत राहिला. हा पार्कर स्वतःला वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचा म्हणवायचा. प्रत्यक्षात तो हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा, कागदपत्रांविना आलेला. अमेरिकन संगीतातला सर्वांत मोठा धंदा करणाऱ्यानं मातीचा दाखला चक्क खोटा काढला होता आणि अनेक वर्षं तो कुणी तपासला नाही.

इथवर सगळं माझ्या बाजूनं चाललं आहे. कमाई खरी, वारसा ही नंतर रचलेली गोष्ट, दार कानाला उघडं आहे, जो ऐकेल तो आत येईल. पण या छान निष्कर्षाला एक प्रश्न आडवा येतो. कॅनडाचा गोरा, इंग्रजी बोलणारा ख्रिस्ती माणूस टेनेसीत कितीसा परका? त्याच्यासाठी दार उघडलं ते कानाला की कातडीला? डिफोर्ड बेली टेनेसीतच जन्मला. ऑप्री सुरू झाली तेव्हापासूनचा तो तिचा लाडका हार्मोनिकावादक. १९२७ मध्ये ज्या रात्री निवेदकानं त्या कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव दिलं, त्या रात्री त्याच्या आधी नुकतंच बेलीनं ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवलं होतं. म्हणजे हार्मोनिकातून हुबेहूब धावणारी आगगाडी. बेली कृष्णवर्णीय होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं आणि पुढे नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिश करून त्यानं पोट भरलं. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच मंचावर नोव्हा स्कोशियाचा माणूस आगगाडीचं गाणं घेऊन आला आणि तारा झाला. मिसिसिपीच्या स्लेज गावात कापूस वेचत वाढलेला चार्ली प्राइड हे तर मातीवाल्यांचं स्वप्न असायला हवं होतं. १९६६ मध्ये आरसीएनं, म्हणजे स्नोच्याच कंपनीनं, त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांकडे पाठवल्या त्या त्याचा फोटो न लावता. आवाज ऐकून कुणाला शंका आली नाही. शंका येऊ नये एवढ्याचसाठी चेहरा लपवला होता. आणि हेही विसरता येत नाही, की रॉजर्सचं ब्लूज मुळात कृष्णवर्णीय मजुरांकडूनच आलेलं.

तेव्हा कमाईची माझी बाजू लंगडी पडते. स्नोची कमाई अस्सल होती यात वाद नाही, पण बेलीची आणि प्राइडची काही कमी नव्हती. कमाई पुरेशी असती तर या तिघांना एकच दार मिळालं असतं. मला आता वाटतं, मातीचा मुद्दा आतल्यांचा असतो. आत बसलेले लोक ज्याला आपला म्हणायचं ठरवतात त्याच्या नावावर माती मागाहून चढवली जाते, आणि ज्याला नाही म्हणायचं त्याच्या पायाखालची सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा मोजत नाहीत. कान आणि मेहनत यांनी माणूस दारापर्यंत येतो. कडी आतून लागलेली असते. स्नोलाही ती लागली होती, हे मान्य करायला हवं. आरसीएच्या अमेरिकन शाखेनं त्याच्या रेकॉर्ड अमेरिकेत काढायला १९४९ उजाडलं. फिलाडेल्फिया, व्हीलिंग, हॉलिवूड अशा ठिकाणी त्यानं आधी हात पोळून घेतले होते. ऑप्रीवर तो जानेवारी १९५० मध्ये आला, तोही टेक्सासच्या अर्नेस्ट टब या दुसऱ्या रॉजर्सभक्तानं शब्द टाकला म्हणून. पहिले काही महिने इतके फिके गेले की त्याला नारळ मिळण्याची वेळ आली होती. पण ती कडी वाजवत राहिलं की उघडणारी होती, आणि बेलीसाठी ती बाहेरून घातलेल्या कुलपासारखी होती.

शुद्धतावाद्याला एक गोष्ट मात्र देऊन टाकतो. परका माणूस एकदा आत आला की पुष्कळदा तोच घराची सर्वांत काटेकोर राखण करतो. १९५३ मध्ये, रॉजर्सच्या विसाव्या स्मृतिदिनी, मेरिडियनला मोठा उत्सव भरवण्यात पुढाकार कुणाचा? टबचा आणि स्नोचा. मिसिसिपीच्या गायकाचं स्मारक उभारायला कॅनडाचा माणूस धावला. स्नोनं रॉजर्सच्या गाण्यांचे संचामागून संच काढले. जुना ढंग टिकावा म्हणून तो अखेरपर्यंत हटून राहिला. १९७४ मध्ये, साठीला टेकलेला असताना, ‘हॅलो लव्ह’नं तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशननं वर्षातली सर्वोत्तम गायिका म्हणून ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला निवडलं. ती केंब्रिजमध्ये जन्मलेली, मेलबर्नमध्ये वाढलेली. नॅशव्हिलची जुनी मंडळी संतापली, जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेटच्या घरी जमली आणि वेगळी संघटना काढून मोकळी झाली. त्या संतापात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या होत्या: ही बाई बाहेरची आहे, आणि हिच्या गाण्यात फिडल आणि स्टीलच्या जागी गुळगुळीत पॉप आहे. दुसरी तक्रार कानाची आहे आणि तिच्या बाजूनं मी स्नोच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. पहिली तक्रार त्याच्याच यशानं चोवीस वर्षांपूर्वी खोटी ठरवलेली होती. ती करणाऱ्यांना हे आठवलं नाही याचं कारण इतकंच, की तोवर स्नो त्यांना कॅनडाचा वाटतच नव्हता.

कॅनडाला मात्र वाटत होता. नोव्हा स्कोशियातल्या लिव्हरपूलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आज त्याचं संग्रहालय आहे. इकडे नॅशव्हिलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९७९ लाच गेला. चार्ली प्राइडला तिथं पोचायला २००० साल उजाडलं आणि डिफोर्ड बेलीला २००५, तेही मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. आरसीएनं १९८१ मध्ये, पहिल्या तबकडीला पंचेचाळीस वर्षं झाल्यावर, स्नोचा करार संपवला, आणि ते त्याला फार लागलं. कॅनडाचा जन्म त्या वेळी त्याच्या आड आला नाही. रेडिओला आता गुळगुळीत गाणं हवं होतं, आणि ते गाणारे बहुतेक जण अमेरिकेतच जन्मलेले होते.